जांभळा अंगठा

रामटेके कुणाशीही हात मिळवत नसत. कॉलेजात रुजू झालो त्या दिवशी मी नव्या नोकरीच्या उत्साहात दिसेल त्याच्याशी हस्तांदोलन करत सुटलो होतो. प्रयोगशाळेच्या दारात खाकी कोट घातलेले एक काटक गृहस्थ उभे होते. मी हात पुढे केला. त्यांनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि शांतपणे स्वतःचं कोपर पुढे केलं. आता काय करायचं? मी कोपर धरलं आणि हलवलं.

"रामटेके. लॅब अटेंडंट," कोपराचे मालक म्हणाले. "हात नाही देत साहेब. कामाचे आहेत ते."

कॉलेजचं नाव सांगत नाही. तिथली निम्मी माणसं अजून नागपुरातच आहेत, आणि उरलेल्या निम्म्यांत मी आहे. सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. रामटेके माझ्याहून चांगले अठरा वर्षांनी मोठे, पण आमचे विभागप्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणत असू, ते त्यांना अरे-तुरे करत, म्हणून मीही करत होतो. आज लिहिताना अहो-जाहो करतोय, त्याचं कौतुक कुणी करू नये. ते फार उशिरा सुचलेलं आहे.

आमचं काम होतं लाखोळीच्या डाळीवर. भंडारा-चांद्याकडे ही डाळ घरोघर. बाकी काही पिकलं नाही तरी लाखोळी पिकते, त्यामुळे वाईट वर्षी गरीब माणसं दोन्ही वेळा तीच खातात. आणि महिनोन्‌महिने नुसती तीच पोटात गेली तर पाय लुळे पडतात. त्या डाळीत एक विष असतं. ते डाळीतल्या बाकीच्या शंभर गोष्टींतून निवडून, वेगळं, अगदी शुद्ध काढायचं, हा माझ्या पीएच.डी.चा विषय.

काढायचं कसं? डाळीचं पीठ स्पिरिटमध्ये भिजवायचं, गाळायचं, आणि तो अर्क एका उभ्या काचेच्या नळीतून थेंबथेंब सोडायचा. नळीत राळेचे बारीक मणी ठासून भरलेले असतात. अर्कातली प्रत्येक चीज त्या मण्यांना आपापल्या स्वभावाप्रमाणे चिकटते. कुणी जरासं टेकून पुढे जातं, कुणी घट्ट धरून बसतं. वरून पातळ ॲसिड सोडत राहिलं की एकेक जण आपल्या वेळेला सुटतो आणि खाली ओळीने लावलेल्या परीक्षानळ्यांत वेगवेगळा जमा होतो. या उभ्या नळीला आम्ही कॉलम म्हणायचो. रामटेके तिला 'बाई' म्हणत.

"बाई आज नाराज आहे साहेब. थेंब टाकून नाही राहिली."

बाईचं सगळं त्यांच्याकडे. मणी भरताना एक बुडबुडा आत राहिला तर सगळं ओतून पुन्हा भरणार. त्या वेळी कुणी जोरात चालायचं नाही, दार आपटायचं नाही, शिंकायचं असेल तर व्हरांड्यात जायचं. मणी सुकू देणं हे तर महापाप. एकदा सुकले आणि मध्ये तडा गेला की महिन्याची मेहनत पाण्यात. आणि नागपूरचा मे महिना म्हणजे तुम्हाला माहीत आहे. एका दुपारी सरांच्या खोलीतला कूलर भट्टीसारखी हवा फेकायला लागला. उघडून पाहतात तर वाळ्याची एक ताटी गायब. शोधाशोध झाली. ताटी आमच्या कॉलमला गुंडाळलेली, सुतळीने बांधलेली, आणि समोर स्टुलावर बसून रामटेके तिच्यावर माठातलं पाणी शिंपडत होते.

"अरे, हा काय प्रकार?" सर ओरडले.

"बाई सुकून राहिली होती सर. तुमचं काय, तुमी झाडाखाली बसू शकता."

सर झाडाखाली बसले नाहीत, पण ताटी चार वाजेपर्यंत तिथेच राहिली.

माणसांचीही त्यांनी परीक्षानळ्यांप्रमाणे वर्गवारी करून ठेवली होती. जो कुठे टेकत नाही, कशात जीव लावत नाही, तो 'पहिल्या नळीतला'. औषधं-रसायनं विकायला येणारे एजंट सगळे पहिल्या नळीतले. आमच्या ऑफिसातले हेडक्लार्क मात्र 'शेवटच्या नळीतले, ॲसिड ओतल्याबिगर फाईल सोडत नाही'. मी विचारलं, मी कितव्या? तर म्हणाले, "तुमी अजून आतच आहात साहेब. निघा तं खरे, मंग सांगतो."

हाताचं वेड मात्र सगळ्यांवर कडी. खिशात कायम स्टीलचा एक चिमटा. बसचं तिकीट चिमट्याने घेणार, वर्तमानपत्राचं पान चिमट्याने उलटणार, दार कोपराने लोटणार. माझ्या लग्नात तर कमालच केली. सगळे मुठीने अक्षता टाकत होते, आणि हे प्रयोगशाळेतली काचेची बशी घेऊन उभे. प्रत्येक 'शुभमंगल'ला बशी तिरपी करून मोजके आठ-दहा दाणे सोडत होते. एकही दाणा भटजींच्या अंगावर पडला नाही. भेट म्हणून गुलाबी कागदात गुंडाळलेला एक नवा कोरा चिमटा. "वहिनीसाहेबाईले पापड भाजाले," म्हणाले.

ही गोष्ट मी मित्रांना पुष्कळदा हसतहसत सांगितली आहे. पुढचं सांगत नाही. जेवायला रामटेके शेवटच्या पंगतीत, मांडवाच्या अगदी कडेला बसले. मी तिथून दोनदा गेलो. 'इकडे ये, आमच्यात बस,' म्हणायला काही जड नव्हतं. नंतर आईने विचारलं, ते बशीवाले कोण रे? मी आडनाव सांगितलं. "बरं," म्हणाली आणि आहेराच्या साड्यांकडे वळली. मीही वळलो.

हाताच्या वेडाला तसं कारण होतं, आणि ते शास्त्रशुद्ध होतं. नळ्यांत जमा झालेला माल शुद्ध आहे की नाही हे पाहायला त्याचा एक-एक थेंब गाळणकागदाच्या मोठ्या तावावर टेकवायचा आणि कागदाचं टोक द्रावणात सोडायचं. द्रावण कागदात चढतं आणि थेंबातल्या गोष्टींना कमी-जास्त ओढत नेतं. मग कागद वाळवून त्यावर निनहायड्रिन नावाचं औषध फवारायचं आणि भट्टीत शेक द्यायचा. जिथे आमची चीज असेल तिथे जांभळा ठिपका उमटतो. एकच ठिपका आला तर माल शुद्ध. पण माणसाच्या बोटांच्या घामातही याच जातीच्या गोष्टी असतात. कागदाला उघडं बोट लागलं तर त्या वेळी काहीही दिसत नाही. शेक दिल्यावर अख्खा अंगठा रेघारेघांसकट जांभळा होऊन वर येतो.

नवीन विद्यार्थी आला की रामटेके पहिल्याच दिवशी त्याचा अंगठा मागत.

"मी शिकलेला आहे हो, सही करतो की," एक पोरगा म्हणाला होता.

"सही नाही चालत. अंगठाच पाह्यजे."

मग साबणाने हात धुवायला लावायचे, कागदाच्या पट्टीवर अंगठा दाबून घ्यायचा, फवारा, शेक, आणि पट्टी चिमट्यात धरून त्याच्या नाकासमोर नाचवायची. "पाहा. धुतला होता ना हात? तरी. माहाही असाच येते. सरायचाही असाच येईन. मंत्री आणा, महाराज आणा, सगळ्याचा जांभळाच." हे शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा चेहरा इतका खुलायचा की पोरं हसायला लागायची. पट्टी मग एका जुन्या रजिस्टरात चिकटवून खाली नाव. माझीही होती. माझ्या उजव्या अंगठ्यावर लहानपणी विळी लागल्याचा आडवा वण आहे, तो तिच्यात झकास उमटला होता. सरांनी तेवढा अंगठा दिला नाही. "मला काय शिकवतोस?" म्हणाले. रजिस्टरात त्यांच्या नावावरची जागा रामटेकेंनी कोरी ठेवली होती.

मीही हसायचो. सगळ्यांचा जांभळाच, यात त्यांना काय इतकं गोड वाटतं, असा प्रश्न मला पडला नाही. पडायला हवा होता. रामटेकेंच्या घराण्याने छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. त्याच्या आधी त्यांच्या जातीच्या माणसाचा हात लागलेल्या वस्तूवर पाणी शिंपडून मग ती घरात घ्यायची, हे माझ्या आजीने माझ्यादेखत केलेलं आहे. पण ते घरातलं, जुनं, आणि प्रयोगशाळा वेगळी, अशी माझी सोयीस्कर समजूत होती.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कॉलेजात प्रयोगशाळा सहायकाची एक जागा निघाली. रामटेके अटेंडंट म्हणून चौदा वर्षं घासत होते. मॅट्रिकची अट होती, तर तीही त्यांनी पुरी केली होती. मुलगी पुष्पा मॅट्रिकला बसली त्याच वर्षी तिच्याच पुस्तकांवर अभ्यास करून तेही बसले. दोघं पास झाले. "तिले गणितात माह्याहून चौतीस मार्क जास्त," हे ते येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत.

जागेचं महत्त्व पदापुरतं नव्हतं. सहायकाला कॉलेजच्या आवारात क्वार्टर मिळे. रामटेके राहत बेसाला. आज तिथे इमारती उठल्या आहेत. तेव्हा ते गावच होतं, कच्चा रस्ता, आणि संध्याकाळनंतर बस नाही. बायको वारलेली, घरात बापलेक दोघंच. एकट्या पोरीला रोज इतक्या लांबून कॉलेजला पाठवायची त्यांची हिंमत होत नव्हती. क्वार्टर मिळालं की पुष्पा सायन्सला जाणार, हे ठरलेलं होतं. तिने एक वर्ष त्यासाठी घरी काढलं होतं. प्रवेशाचा फॉर्म भरून, घडी न घालता, एका पाटीखाली दाबून ठेवला आहे, असं त्यांनीच मला सांगितलं होतं.

फक्त सरांची शिफारस हवी होती. सर म्हणाले, "बाहेरून पाहुणे प्राध्यापक येताहेत आपलं काम पाहायला. ते येऊन जाऊ दे. त्यांच्यापुढे सगळं नीट दिसलं की तुझ्या कागदावर सही करतो."

पाहुणे येणार त्या सकाळी रामटेकेंनी रात्रभर चढलेला कागद पेटीतून काढून वाळायला टांगला. डावीकडे कच्चा अर्क, मग एकेका नळीचे थेंब, आणि सगळ्यांत उजवीकडे आमचा शेवटचा, शुद्ध माल. तिथे एकच ठिपका यायला हवा होता. दोन वर्षांचं काम त्या एका ठिपक्यात होतं.

"मी बर्फ घेऊन येतो साहेब," सायकल काढताना ते म्हणाले. "तवरक पंखा लावू नका. अन् कागदाले पाहा, पण डोळ्यानं."

एप्रिल होता. मी नवा शर्ट घातलेला, तो पाठीला चिकटायला लागला. म्हटलं, पाच मिनिटं पंखा लावला तर काय आभाळ कोसळतंय? लावला. कागद फडफडला, क्लिपमधून सुटला, आणि जमिनीवर पडायच्या आत मी तो पकडला. उजव्या हाताने. पाहिलं तर कागदावर काही नव्हतं, पांढराफेक. मी तो पुन्हा टांगला आणि पंखा बंद केला.

रामटेके आले. कागदाकडे बघत उभे राहिले. क्लिप जरा तिरकी लागली होती.

"पंखा लावला होता का जी?"

"नाही," मी म्हटलं.

इतकी क्षुल्लक गोष्ट, आणि मी खोटं बोललो. तेव्हाच खरं सांगितलं असतं तर त्यांनी मला चार शब्द सुनावले असते, पाहुण्यांना जुना कागद दाखवला असता, आणि हे लिहायची वेळ माझ्यावर आली नसती.

अकरा वाजता सर पाहुण्यांना घेऊन आले. मागे चार-पाच विद्यार्थी. रामटेकेंनी इस्त्रीचा कोट घातला होता. त्यांनी फवारा मारला, चिमट्याने कागद भट्टीत ठेवला, आणि आम्ही सगळे काचेतून बघत उभे राहिलो. हळूहळू जांभळे ठिपके यायला लागले. डावीकडे गर्दी, मग कमी, मग अजून कमी. पाहुणे मान डोलवत होते. आणि उजवीकडे, एकच ठिपका यायचा तिथे, एक अंगठा वर आला. पूर्ण. मध्ये आडवी पांढरी रेघ.

मी हात पँटच्या खिशात घातला.

"हा कुणाचा अंगठा?" सरांनी विचारलं.

मग मी बोललो. "कागद रामटेकेने लावला होता, सर."

यातला प्रत्येक शब्द खरा होता. वकिलाने शिकवून ठेवावं इतकं चोख वाक्य ते. कुठून आलं कोण जाणे.

रामटेकेंनी चिमटा खाली ठेवला. कागदावर वाकून त्यांनी तो अंगठा बराच वेळ पाहिला. अंगठ्यांचं रजिस्टर भट्टीच्या खालच्या खणातच होतं. खण ओढला असता तर माझं नाव, माझी पट्टी, माझा वण, सगळं तिथल्या तिथे टेबलावर आलं असतं. त्यांनी खणाला हात लावला नाही. सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "हाव सर. माहाच आहे."

आणि माझ्याकडे पाहत राहिले. मी बर्फाच्या बादलीकडे पाहत होतो.

"आधी हात धुवून ये जा," सर म्हणाले. मग पाहुण्यांकडे वळून, आवाज उतरवून, "काय करणार, या लोकांना कितीही शिकवा..." आणि वाक्य तसंच सोडून दिलं. खोलीतल्या प्रत्येकाने ते आपल्या मनात पुरं केलं असणार. चौदा वर्षं ज्याने बसच्या तिकिटालाही बोट लावलं नाही, त्याचाच हात लागला असणार, याबद्दल कुणालाही क्षणभर शंका आली नाही. शंका यायला जागा होती, भरपूर होती. मला तर शंकेची गरजही नव्हती.

रामटेके कोपऱ्यातल्या बेसिनवर गेले आणि आमच्याकडे पाठ करून साबणाने हात धुवायला लागले. बराच वेळ धूत होते.

पाहुणे सज्जन होते. "होतं असं, पुन्हा करा," म्हणाले. चार दिवसांनी आम्ही पुन्हा केलं. एकच ठिपका आला, स्वच्छ, गोल. माझं काहीही बिघडलं नाही. मी त्या दिवशी 'माझा अंगठा' म्हटलं असतं तर सरांनी पाहुण्यांदेखत दोन वाक्यं सुनावली असती. माझी जास्तीत जास्त शिक्षा तेवढीच होती. ती चुकवायला मी त्या माणसाची जागा, क्वार्टर आणि पुष्पाचं कॉलेज देऊन बसलो. सरांनी शिफारसीवर सही केली नाही. जागा दुसऱ्या विभागातल्या एका पोराला गेली.

रामटेकेंच्या वागण्यात फरक पडला नाही. कॉलम तसाच भरत, बाईची तब्येत तशीच सांगत. फक्त नव्या पोरांचे अंगठे घेणं बंद झालं. रजिस्टर खणातून कुठे गेलं, मी विचारलं नाही. तीन-चारदा मी तोंड उघडलं होतं. "रामटेके, त्या दिवशी..." असं सुरू केलं की ते म्हणत, "थांबा साहेब, थेंब मोजून राहिलो." आणि मला बरंच वाटायचं.

दोन वर्षांनी पीएच.डी. मिळाली. प्रबंधाच्या सुरुवातीला आभार मानले आहेत: सरांचे, पाहुण्यांचे, पत्नीचे, टंकलेखकाचे, आणि 'प्रयोगशाळेतील कर्मचारीवर्गाचे'. आमची ही ते पान वाचून म्हणाली, "आणि रामटेकेंचं नाव कुठे आहे? चिमटा दिला होता ते?" मी म्हटलं, आहे की, कर्मचारीवर्गात. तिने पान मिटलं. ती अजून काही बोलली असती तर मी भांडून मोकळा झालो असतो.

त्या रविवारी पेढे घेऊन मी प्रताप नगरहून स्कूटरने बेसाला गेलो. दोन खोल्यांचं घर, सारवलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर. दाराशी उजेडात शिवणयंत्र, आणि त्यावर लोकांच्या ब्लाऊजांचा ढीग. यंत्रावरून वीस-एकवीस वर्षांची मुलगी उठली.

"चहा मांड वं पुष्पा," रामटेके म्हणाले. "आपले मोहरील साहेब आले."

'आपले' ऐकून मला बसवेना. ती आत गेली तसा मी उभ्याउभ्याच म्हणालो, "रामटेकेजी, तो अंगठा माझा होता."

'जी' मी पहिल्यांदाच लावला होता. त्यांना त्याचंच नवल वाटलेलं दिसलं.

"मालूम आहे," ते म्हणाले. "बसा तं."

"रजिस्टरमध्ये पाहिलंत?"

"रजिस्टर काहाले पाह्यजे? रोज पाहून राहिलो होतो तुमचा हात."

"मग हो काहून म्हटलं तुम्ही?" बोलण्याच्या भरात त्यांचीच भाषा माझ्या तोंडात आली.

ते जरा वेळ पेढ्यांच्या पुड्याची सुतळी सोडवत बसले.

"सरायनं विचारलं, तवा तुमी भेले. माणूस भेते, त्याचं काही नाही. पण मले वाटलं, मी आपल्या तोंडानं हाव म्हटलं का तुमच्यानं राहवणार नाही. तुमी बोलान. म्हणून पाहून राहिलो होतो तुमच्याकडं. मंग हात धुवाले गेलो. तिथं बी वाटत होतं, आता मागून आवाज येईन. कितीक वेळ धुतले मी हात."

आतून स्टोव्हचा आवाज येत होता. शेवटी म्हटलं, "मी उद्या सरांना सांगतो. आणि पुष्पाला आत्ता सांगतो, इथेच."

"सरायले सांगा," ते म्हणाले. "सांगाच. त्यायले समजलं पाह्यजे कोणाचा हात होता."

सांगितलं मी, दुसऱ्याच दिवशी. सर पेपर वाचत होते. "जाऊ दे रे, इतकी जुनी गोष्ट," म्हणाले, आणि पेढे ताजे होते असं म्हणाले.

"पण पोरीले नका सांगू," त्या रविवारी रामटेके पुढे म्हणाले.

"काहून?"

त्यांनी आतल्या दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "तिले मी सांगून ठेवलं आहे, का माह्या हातून चूक झाली. नोकरीच जाऊन राहिली होती, पण मोहरील साहेब सगळ्याइच्या समोर माह्यासाठी बोलले, म्हणून वाचली. कॉलेज सुटलं ना साहेब तिचं. लय जळून राहिली होती मनात. म्हणे, आपल्यासाठी कोणी नसते बाबा. आता एवढीशी पोर, माय नाही, तिनं असं मनात घेऊन कसं जगाव? म्हटलं, एक तरी माणूस बोलला होता असं वाटू दे तिले."

पुष्पा चहा घेऊन आली. माझ्या कपाखाली बशी होती, त्यांच्या नव्हती. बशीत दोन बिस्किटं ठेवलेली. कप माझ्या हातात देऊन ती तिथेच उभी राहिली, काहीतरी बोलायचं ठरवून आल्यासारखी.

"बाबांनी सांगितलं मला, त्या दिवशी तुम्ही सरांसमोर बोलले ते," ती म्हणाली. "तुम्हाला भेटून एकदा सांगायचंच होतं. आमच्यासाठी इतकं कोणी नाही करत, साहेब."

रामटेके माझ्याकडे पाहत होते. मी कप दोन्ही हातांनी धरला आणि म्हटलं, "त्यात काय एवढं."